रुमालाखालची बोटं

"हे धर जरा, आलोच मी," म्हणत शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं पॅडल माझ्या हातात कोंबलं आणि गुडघ्यांवर हात रेटत तो उठला. पॅडल म्हणजे लिलावात बोली लावताना वर करायची पाटी. लाइट गेल्यावर आपण वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेतो ना, साधारण तेवढी. खाली धरायला दांडी आणि वर ठळक तीन आकडी नंबर. "अजून सहा गाड्या आहेत मधे," तो म्हणाला, "आणि मी नसताना आलीच, तर तीसपर्यंत जा." तीस म्हणजे तीस हजार डॉलर. मी हसलो, तोही हसला आणि खुर्च्यांच्या रांगेतून सॉरी सॉरी करत बाहेर पडला. आमची ओळख पाऊण तासाची. मला त्याचं नाव माहीत नव्हतं आणि माझं त्याला धड उच्चारता आलं नव्हतं. त्या सहांपैकी दोन गाड्या आयत्या वेळी लिलावातून काढून घेतल्या गेल्या, एकीला कुणी विचारलंच नाही म्हणून ती मिनिटभरात परत गेली, आणि त्याची गाडी निम्म्या वेळात स्टेजवर येऊन उभी राहिली. म्हातारा आला नव्हता.

माझा हात वर गेला नाही.

एवढंच घडलं. गेल्या ऑगस्टातली गोष्ट. कुणाचं काही बुडालं नाही, कुणी कुणाला लागेल असं बोललं नाही. तरी फ्रीवेवर अडकलेलो असताना, भांडी लावताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेलो असताना तो हात मधेच आठवतो. माझाच हात, मांडीवर पडलेला, आणि मुठीत दुसऱ्याचा नंबर.

दर ऑगस्टात मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टहून पहाटे निघतो. मॉन्टेरेला पोचेपर्यंत उजाडलेलं असतं पण ऊन नसतं. समुद्रावरून आलेलं धुकं गावावर ओल्या घोंगडीसारखं पसरलेलं असतं आणि ऐन ऑगस्टात स्वेटर लागतो. फिशरमन्स वॉर्फकडून सी-लायन भुंकत असतात, आणि त्या भुंकण्यात मिसळून कुठल्यातरी गल्लीतून कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा घोगरा, अजून अंग न तापलेला आवाज येतो. खारी हवा, कॉफी आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल असा मिळून एक वास असतो. आताच्या गाड्यांना तो राहिला नाही, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनं खाऊन टाकला. तो नाकात गेला की मी सांगलीच्या एका गॅरेजात, ऑइलनं काळ्या झालेल्या मातीवर, आठ वर्षांचा होऊन उभा राहतो. त्या आठवड्यात गावाभोवतीच्या पट्ट्यात जुन्या गाड्यांचा महापूर लोटतो. लिलाव कंपन्यांपैकी आरएम सदबीजचा लिलाव गावातच, गुडिंगचा पेबल बीचला, बॉनहॅम्सचा कित्येक वर्षं कार्मेल व्हॅलीत क्वेल लॉजच्या हिरवळीवर, मेकमचा डेल मॉन्टेच्या गोल्फ कोर्सवर. लगूना सेकाच्या ट्रॅकवर जुन्या रेसगाड्या पळतात, आणि रविवारी अठराव्या होलच्या हिरवळीवर पेबल बीचचं कॉन्कूर, म्हणजे जुन्या गाड्यांची सौंदर्यस्पर्धा, जे १९५० पासून चालत आलंय. मी बसलो होतो तो तंबू कुठला ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही.

मी तिथे घेत काहीच नाही. बोली लावायची तर आधी नाव नोंदवावं लागतं, त्याला पैसे पडतात, बँकेचं हमीपत्र द्यावं लागतं. मी प्रेक्षकाचं तिकीट काढतो, मागच्या रांगेत बसतो, आणि दुपारी पार्किंगमध्ये माझ्या टोयोटाच्या डिकीवर डबा उघडून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खातो. घरी गॅरेजात एक १९७१ ची एमजीबी आहे, ती बंद अवस्थेत घेतली होती आणि वर्षातले सात-आठ महिने ती त्या अवस्थेशी प्रामाणिक असते. बायको म्हणते, ज्याला काही घ्यायचं नाही त्यानं बाजारात इतक्यांदा जाऊ नये. तिचं खरं आहे. पण देवळात जाणारे सगळे नवस बोलायलाच जातात असं थोडंच आहे?

त्यात म्हाताऱ्याच्या त्या गाडीचं निराळं होतं. कॅटलॉगमध्ये ती अगदी कोपऱ्यात होती, अर्ध्या पानात. १९६१ ची फियाट १२०० स्पायडर, पिनिनफारिनाची बॉडी, फिकट आकाशी रंग, आत लाल सीटा. जिथे कोटींच्या फेरारी येतात तिथे ही म्हणजे पंचतारांकित लग्नात आलेली गावाकडची मावशी. पण आमच्या घरी पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, स्टीअरिंगला गिअर असलेली, दर पावसाळ्यात बिब्बा घातल्यासारखी बंद पडणारी. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. हा आकडा मला माझ्या रोल नंबरच्या आधी पाठ झाला होता. फियाटचं ते इंजिन मुळात १९३७ चं, आणि त्याच इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवून १२२१ सीसी केला की ही स्पायडर तयार होते. एवढंच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तुरिनच्या सिसितालियानं जी २०२ नावाची गाडी काढली, जी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१ साली शिल्पासारखी प्रदर्शनात मांडली आणि पुढे कायमची ठेवून घेतली, तिच्याही बॉनेटखाली याच १०८९ सीसीच्या फियाट इंजिनाचा तालमीत घुमवलेला अवतार होता. १९४७ च्या मिल्ले मिलियात, म्हणजे इटलीतल्या हजार मैलांच्या रेसमध्ये, म्हातारा होत चाललेला, आजारी रेसर नुवोलारी त्या इंजिनाची उघडी सिसितालिया घेऊन मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे पळत होता. पावसानं घात केला आणि दुसरा आला. हे मला कळलं तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि मला पद्मिनीची माफी मागावीशी वाटली. दादरच्या पुलावर आम्ही तिला ढकलत होतो तेव्हा ती कुणाच्या घराण्यातली आहे हे आमच्या गावीही नव्हतं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले. मी टाकला नाही. मला तो हार घातलेला फोटो बघवेना.

लिलावापेक्षा मला आदल्या दिवसाचं बघणं आवडतं. तंबूबाहेर गाड्या रांगेनं उभ्या असतात आणि माणसं त्यांच्याभोवती फिरत असतात. कुणी गुडघ्यावर, कुणी सरळ पाठीवर झोपून खाली सरकलेला. कुणाच्या हातात टॉर्च, कुणाच्या हातात रंगाचा थर मोजायचं यंत्र. अनुभवी असेल तर खिशातून मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक काढतो आणि दाराच्या खालच्या कडेला हळूच लावतो. चिकटला तर पत्रा, गळून पडला तर पुट्टी. चॅसिसवर ठोकलेल्या नंबराचे आकडे भिंगातून बघतात, तिथली धातू घासून पुन्हा ठोकली आहे का ते बोटानं चाचपतात. इंजिनाचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळला की भाव वेगळा, नाही जुळला की वेगळा. हे सगळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अमेरिकेत असल्यासारखं वाटलंच नाही. मी खरसुंडीला होतो.

आजोबांबरोबर मी खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात दोनदा गेलो होतो. सिद्धनाथाची यात्रा, माळावर नजर जाईल तिथवर खिलार जनावरं, पांढरीशुभ्र, शिंगं आभाळात. धूळ, शेण, कडब्याचा वास आणि कुठेतरी तळणीत पडणारी भजी. आजोबा बैलाकडे आधी लांबूनच बघत. मग मागून. चालवून बघत, खूर बघत, वशिंडावरून हात फिरवत. मग बैलाचा जबडा उघडून दात. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. तोंडातच जन्मतारीख, तिथे हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, काय सांगतो याला किंमत नाही. शिंगं साळून तुळतुळीत केलेली असली की आजोबा हसत. "ह्येचं वय शिंगात लपवलंय," म्हणत. शेवटी भोवरा. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठे आहे त्यावर बैल शुभ की अशुभ. चांगला हत्तीसारखा बैल, पण भोवरा नको तिथे, की गिऱ्हाईक पुढे सरकायचं. मला तेव्हा हा वेडेपणा वाटे. आता मॉन्टेरेत एखाद्या गाडीपुढे पाच माणसं तिची कागदपत्रं वाचत उभी दिसतात, पहिला मालक कोण, दुसरा कोण, कुठल्या रेसमध्ये कुठला नट तिच्यात बसला होता, तेव्हा मला कळतं की ते भोवरा बघतायत.

आणि मग सौदा. आजोबा आणि हेडी समोरासमोर उभे राहत, हातात हात देत आणि वर रुमाल टाकत. कधी रुमाल नसला की धोतराचा सोगा. मग बराच वेळ कुणी काही बोलत नसे. कापड हलत असे. आत बोटं बोटांना दाबत असणार, पण वरून दिसे ती फक्त दोन चेहऱ्यांची नाटकं: हेडीचा चेहरा जसा काही आजोबांनी त्याला विष मागितलंय, आजोबांचा चेहरा दगड. आजूबाजूला वीस माणसं उभी आणि एकालाही आकडा माहीत नाही. मी आजोबांच्या मांडीला चिकटून रुमालाच्या खालच्या बाजूनं डोकावायचा प्रयत्न केला होता, तर त्यांनी गुडघ्यानं मला बाजूला केलं. ती जोडी कितीला घेतली हे आजीला मरेपर्यंत कळलं नाही. तिनं विचारलं की ते म्हणत, "घेतली परवडंल तेवढ्याला."

इथे सगळं उघडं. स्टेजवर झगझगीत दिवे, भिंतीएवढा पडदा, त्यावर आकडा डॉलरमध्ये आणि खाली युरो, पौंड, स्विस फ्रँक. किती, कोण, कुठल्या फोनवर, सगळं सगळ्यांसमोर. माणूस काय मागतो आणि कुठे थांबतो हे हजार लोक बघतात. २०१८ साली याच गावात १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मी त्या रात्री बाहेर रस्त्यावर होतो, आत जायची ऐपत नव्हती, आणि आतून आलेला टाळ्यांचा आवाज बाहेर थंडीत उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांनीही टाळ्यांनी उचलला. कशासाठी टाळ्या वाजवल्या आम्ही? एका श्रीमंतानं दुसऱ्याला पैसे दिले म्हणून? चार वर्षांनी मर्सिडीजनं स्वतःच्या म्युझियममधली उलेनहाउट कूपे निवडक लोकांना बोलावून १३ कोटी ५० लाख युरोंना विकली, तेव्हा जीटीओचा आकडाही फिका पडला. असे आकडे ऐकले की मला काही होत नाही, ते आभाळातल्या ताऱ्यांच्या अंतरासारखे असतात. मला घाम फुटतो तो तीस हजारांना, कारण तीस हजार मला माहीत आहेत. मुलीच्या कॉलेजची एक टर्म.

२०२३ ला मी एक गोष्ट पाहिली ती मात्र अजून पचलेली नाही. एका संग्रहातल्या वीस फेरारी आल्या होत्या. २००४ च्या वादळात गोदामाचं छप्पर त्यांच्यावर कोसळलं होतं, आणि तशाच, पडलेल्या-चेपलेल्या, त्या विकायला मांडल्या होत्या. त्यात १९५४ ची ५०० मोंडियाल. तिचं वाटोळं त्या वादळाच्याही कितीतरी आधीचं. गाडी म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं. जळून, चुरगळून, गंजून तिचा भजीचा कागद झाला होता. ती १८ लाख ७५ हजार डॉलरला गेली. माझ्या पुढे उभा असलेला एक जण म्हणाला, नंबराची पट्टी विकत घेतली, पत्रा फुकट. मला आधी हसू आलं, मग राग. आणि मग मी तिच्या त्या चुरगळलेल्या नाकाकडे बघत इतका वेळ उभा राहिलो की गार्डनं दोनदा बघितलं. खोटं कशाला सांगू, आजूबाजूच्या चकचकीत, रंगाच्या बारा थरांखाली गुदमरलेल्या गाड्यांपेक्षा तीच जिवंत वाटली. पॅरिसला २०१५ साली बायों घराण्याच्या संग्रहातली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर विकली गेली. एकेकाळी आलँ देलाँ या फ्रेंच नटाची, आणि पुढे कित्येक वर्षं गॅरेजात मासिकांच्या गठ्ठ्यांखाली गाडलेली. तिचा धूळ खाल्लेला फोटो मी तेव्हा फोनच्या स्क्रीनवर लावला होता. धुळीचेही पैसे असतात हे तिथे कळतं. ती पुसायची नाही, नाहीतर भाव उतरतो.

लिलाव पुकारणारा हा वेगळाच प्राणी. त्याच्या बोलण्यात दम घ्यायला जागा नसते. गाडीला राखीव किंमत असेल तर तिथपर्यंत तो विकणाऱ्याच्या वतीनं हवेतून बोली काढू शकतो. तंबूच्या मागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून मान डोलावतो, "थँक यू सर," आणि तिथे सर कुणीच नसतो. याला ते लोक झुंबराची बोली म्हणतात. नियमात बसतं. २०१९ साली पोर्शे टाइप ६४ च्या वेळी तर कहरच झाला. पुकारणारा म्हणाला थर्टीन, पडद्यावर उमटलं थर्टी. मग लोक त्या आकड्यावरून वर चढत गेले, फोन वर निघाले, माणसं उभी राहिली, पडद्यावर सत्तर आलं, आणि तेव्हा तो म्हणाला, सेव्हन्टी नाही, सेव्हन्टीन. लोकांनी हुर्यो केली आणि गाडी विकलीच गेली नाही. मी ती क्लिप पंधरा-वीस वेळा पाहिली असेल. मराठीत हे झालं नसतं असं मी एका मित्राला म्हणालो, तेरा आणि तीस कोण चुकेल? तर तो म्हणाला, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी सांग बघू पटकन आकड्यात. त्याची मुलगी शनिवारच्या मराठी शाळेत तिथेच रडते.

असो. म्हातारा.

तो सॅलिनासचा, घरची लेट्यूसची शेती, आता मुलं बघतात. वय एक्याऐंशी, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. मला तो 'यंग मॅन' म्हणत होता; मी बावन्नचा आहे, त्यामुळे मी अडवलं नाही. त्याच्या हातांची बोटं जाड, नखांच्या कडांना कायमची माती, आणि कानातलं यंत्र मधूनमधून शीळ घालत होतं. कॅटलॉगमध्ये एकच पान दुमडलेलं होतं आणि ते मला लांबूनच ओळखू आलं, कारण माझंही तेच दुमडलेलं होतं. "भावाची होती," तो म्हणाला. "अशीच. हाच रंग. मला कधी चालवू दिली नाही." भाऊ कुठे असतो असं मी विचारलं तर त्यानं तंबूच्या छपराकडे पाहिलं, म्हणजे वरती असावा किंवा प्रश्न आवडला नसावा. मी त्याला पद्मिनीचं सांगितलं. १०८९ म्हणताच त्याचे डोळे लकाकले. आम्ही मग चोक, डिस्ट्रिब्युटर, उकळणारा रेडिएटर असं काय काय बोललो. पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. आदल्या दिवशी मी त्या गाडीत बसलो होतो. तिथल्या मुलीला विचारून, बूट काढून. स्टीअरिंगचा पातळ गोल हातात धरला होता आणि समोर पद्मिनीचा नाही तर पद्मिनीनं झोपेत पाहिला असेल असा बॉनेट होता. आणि मनात, अगदी रुमालाखाली, मी बेरजा केल्या होत्या. एमजीबी विकली तर किती, बोनस किती, बायकोला काय सांगायचं.

मग गाडी आली. पांढरे हातमोजे घातलेल्या दोन पोरांनी ढकलत आणली. आत धूर नको म्हणून स्टेजवर गाड्या बहुतेक ढकलूनच आणतात. दिव्यांखाली तिचा आकाशी रंग जरा जास्तच आकाशी दिसला. राखीव किंमत नव्हती, म्हणजे झुंबर नाही, प्रत्येक बोली खरी. दहापासून सुरुवात झाली. दहा, अकरा, बारा, हजारा-हजारानं. पंधराला बरेच हात होते. वीसला दोनच उरले, एक फोनवरची बाई आणि एक डाव्या बाजूला निळ्या जॅकेटातला पोरगा, तिशीचा असेल. मी मागे वळून पाहिलं, म्हातारा नाही. बावीस. माझ्या हाताला घाम सुटला होता आणि पॅडलची दांडी घसरत होती. चोवीस. नियमाप्रमाणे ज्याच्या नावावर पॅडल त्याची जबाबदारी. उद्या तो म्हणाला मी गंमत केली होती, तर? हे कारण मी स्वतःला तिथल्या तिथे दिलं आणि ते चांगलं, भरभक्कम कारण होतं. पंचवीस. फोनवरची बाई थांबली, तिनं फोनमध्ये काहीतरी विचारलं, मान हलवली. सव्वीस, निळं जॅकेट. पुकारणारा तंबूभर नजर फिरवत आमच्या रांगेवर आला आणि माझ्या मांडीवरचं पॅडल त्याला दिसलं असावं, कारण तो थांबला. माझ्याकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या. "सर?" असं नुसत्या ओठांनी. पूर्ण दोन सेकंद. आयुष्यात पहिल्यांदा त्या तंबूत कुणी मला सर म्हणून विचारत होतं आणि तिथे खरोखर एक सर होता.

मी मान हलवली. नाही.

हातोडा पडला. सव्वीस हजार, वर कंपनीचे बारा टक्के. म्हाताऱ्याच्या तिसाच्या आतली गोष्ट. मी वळलो तर तो दाराशी, पडद्याला टेकून, दोन्ही हातांत कॉफीचे कप घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता मला माहीत नाही. कपांवरची वाफ संपली होती.

मी खूप वेळा स्वतःशी हे लावून पाहिलंय. नियमांची भीती होती, ती खरी होती. पण ज्या क्षणी तो पुकारणारा माझ्याकडे बघत होता त्या क्षणी माझ्या डोक्यात नियम नव्हते. माझ्या डोक्यात होतं की ही गाडी आता सॅलिनासला जाईल. वीसेक मैलांवर. त्या निळ्या जॅकेटातल्या पोराकडे गेली तर ती कुठल्यातरी परक्याकडे, जगात विरून जाईल, पण म्हाताऱ्याकडे गेली तर ती कुणाचीतरी होईल. मला नाही, तर त्याला का? इतकं साधं, इतकं शाळकरी. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही. तिला सांगितलं ते नियमांचं. ती म्हणाली, बरोबर केलंस. बाबांनी पद्मिनी विकली तेव्हा मी कऱ्हाडला हॉस्टेलवर होतो. मला पत्रात कळलं, तेही शेवटच्या ओळीत, 'गाडी दिली' एवढंच. कितीला ते लिहिलं नव्हतं. सुट्टीत गेल्यावर मी विचारलं तर ते पेपरमधून वर न बघता म्हणाले, "परवडेल तेवढ्याला."

म्हातारा शेजारी येऊन बसला, माझ्या हातात थंड कॉफी दिली. "किती?" त्यानं विचारलं, जसं काही पडदा त्याला दिसलाच नव्हता. सव्वीस, मी म्हणालो, आणि पुढे घाईघाईनं माफी मागायला लागलो, नियम, जबाबदारी, वगैरे. त्यानं हात केला. "चांगला भाव आहे," तो म्हणाला. "पोरानं चांगली घेतली." मग बराच वेळ आम्ही पुढच्या गाड्या बघत राहिलो. एक कॉर्व्हेट गेली, एक ऑस्टिन-हीली गेली. त्याच्या कानातलं यंत्र शीळ घालत होतं आणि तो ते नीट करत नव्हता. मला विचारायचं होतं, तुम्ही दारातून हात का नाही वर केला? पॅडल नसलं म्हणून काय झालं, ओरडता आलं असतं. पण त्यानं मला विचारलं नव्हतं, मग मी कुठल्या तोंडानं विचारणार. त्या आकाशी गाडीवर आमच्या दोघांच्या मधे एक रुमाल पडला होता आणि आत कुणाचं बोट कुणाला काय सांगत होतं ते दोघांनाही कळत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही एकदमच बाहेर पडलो. धुकं पुन्हा उतरलं होतं. मागच्या आवारात ट्रेलर लागले होते आणि विकलेल्या गाड्या चढवणं चाललं होतं. आकाशी फियाट फळीसमोर उभी होती, निळं जॅकेट आत बसलेलं, बाहेर त्याची बायको की मैत्रीण फोननं शूटिंग करत होती. गाडी चालू होत नव्हती. स्टार्टर फिरत होता, घ्यां घ्यां घ्यां, आणि मधे थांबून पुन्हा. हा आवाज मी कुठेही ओळखेन. सांगलीच्या आमच्या घराच्या फाटकात, सकाळी पावणेआठला, बाबांचा टाय उडतोय आणि आई देवघरातून ओरडतेय, रिक्षा बोलावू का.

"अॅक्सिलरेटर मारू नको इतका, पेट्रोल भरून येईल," म्हातारा पुटपुटला. त्याच वेळी माझ्या तोंडून निघालं, "चोक आत ढकल रे, फ्लड झालीय." मराठीतच. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मग सरळ पुढे जाऊन त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं आत बोट दाखवलं. पोरानं नॉब आत ढकलला, अॅक्सिलरेटर खालपर्यंत दाबून धरला. घ्यां घ्यां, एक खोकला, दुसरा खोकला, आणि ती लागली. मागून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट आला तो थेट आमच्या अंगावर. म्हातारा खोकत मागे सरकला, माझ्या काखेत अजून त्याचं पॅडल होतं ते त्यानं ओढून घेतलं, आणि डोळे मिटून, हसत, त्या पाटीनं धूर वारायला लागला; आधी स्वतःच्या तोंडासमोरचा, मग माझ्या.